चांदवडपर्यंत वेळेवर, मालेगावपासून गायब: होमर वाटेत का गळतात?

नाशिकमध्ये होमर, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणारी कबुतरं, पाळणाऱ्यांकडून दर हिवाळ्यात हाच प्रश्न फिरून येतो. "आडगाव, ओझर, पिंपळगाव, चांदवड, सगळे टॉस झकास गेले. आपण गाडीने घरी पोचायच्या आत कबुतरं ढाबळीवर. मालेगावला नेली आणि निम्मी गायब. आली ती संध्याकाळी, काही दुसऱ्या दिवशी. काय चुकतंय?" टॉस म्हणजे सरावासाठी कबुतरं दूर नेऊन सोडणं आणि ढाबळ म्हणजे त्यांचं घर. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर आधीच तयार असतं: जात बेकार निघाली, नाहीतर ससाण्याने मारली, नाहीतर वाटेत कुणी तरी धरली. मग नर-मादीची नवीन जोड येते, पाण्यात कसली तरी पुडी पडते आणि पुढच्या हिवाळ्यात गाडी पुन्हा मालेगावलाच अडते.

जे कबूतर आलंच नाही, त्याच्याबद्दल आपण नुसते अंदाज बांधू शकतो. जे वेळेवर आलं त्याचं कौतुक करायचं, फोटो काढायचे, ते ठीकच आहे. पण खरी माहिती असते ती उशिरा आलेल्या कबुतराकडे. ते त्याच वाटेवर, त्याच अडचणीत सापडलं होतं आणि तरी परत आलं. नेमकं त्यालाच आपण "हा काय कामाचा नाही" म्हणून खाली सोडून देतो. औषध, दाणा, जोड यातलं काहीही बदलायच्या आधी उशिरा आलेलं कबूतर हातात घेऊन नीट पाहायचं, ही सवय लावून घ्या. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

चांदवडपर्यंत परीक्षा होतच नाही

आधी नकाशा. नाशिकहून आग्रा रोड धरून ईशान्येकडे जाणारी ही ओळ. हवाई अंतरं साधारण अशी: ओझर १८ किलोमीटर, पिंपळगाव बसवंत २८, चांदवड ६०, मालेगाव १०० च्या आतबाहेर, धुळे १४५, शिरपूर १९०, सेंधवा २३० आणि इंदूर ३७० च्या आसपास. रस्त्याचे आकडे यापेक्षा जास्त असतात. स्पर्धेत व्हेलॉसिटी, म्हणजे मिनिटाला किती मीटर हा वेग, काढताना हवाई अंतरच धरतात, तेव्हा आपल्या वहीतही तेच लिहावं.

चांदवडच्या पुढे राहुड घाट लागतो. तिथे सातमाळा डोंगररांग आडवी आहे, सप्तशृंगी-धोडपकडून अंकाई-टंकाईकडे गेलेली. रांगेच्या अलीकडे कबूतर सोडलं की समोर गोदावरी-कादवेचं सपाट खोरं, द्राक्षबागा, महामार्ग. याच पट्ट्यावरून ते आधीच्या टॉसमध्ये येऊन गेलेलं असतं. कबुतरं ओळखीच्या मुलखात चक्क रस्ते धरून उडतात. इटलीत रोमच्या परिसरात कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बसवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही कबुतरं हमरस्त्यावरून उडत येऊन ठराविक फाट्यावर वळताना दिसली. म्हणजे चांदवडपर्यंतचे टॉस स्नायूंना व्यायाम देतात, वाट पाठ करून घेतात, पण दिशा शोधण्याची कसोटी तिथे लागत नाही.

रांग ओलांडून मालेगावला गेलं की ओळखीचं काहीच दिसत नाही. तिथे लागतं होकायंत्र आणि नकाशा, दोन्ही. होकायंत्राचं काम सूर्य करतो. ढगाळ दिवशी पृथ्वीचं चुंबकत्व मदतीला येतं. अमेरिकेत विल्यम कीटन यांनी १९७१ साली दाखवलं की पाठीवर लोहचुंबक बांधलेली सरावाची कबुतरं उन्हात नीट घरी येतात, ढगाळ दिवशी मात्र भरकटतात. नकाशाबद्दल शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहेत, पण वाऱ्याबरोबर येणाऱ्या वासांचा त्यात मोठा वाटा आहे, हे इटलीतल्या फ्लोरियानो पापी यांनी १९७२ पासून केलेल्या प्रयोगांतून पुढे आलं. हे शास्त्र इथे सांगायचं कारण पुढे ढाबळीच्या बांधणीत येईल.

त्यात मालेगावहून, आणि धुळ्याहून तर जास्तच, कबूतर चढावर येतं. धुळ्याची उंची अडीचशे मीटरच्या आसपास, नाशिक सहाशेच्या जवळ, आणि मध्ये ही रांग. पंखात दम नसेल तर तो नेमका इथे उघडा पडतो.

म्हणून चांदवडहून थेट मालेगाव अशी उडी मारू नका. मध्ये उमराणे आहे, रांगेच्या पलीकडे, साधारण ७५ किलोमीटर. अंतर फारसं वाढत नाही, पण डोंगर मात्र ओलांडावा लागतो. उमराण्याहून एकदा नाही, दोन-तीनदा सोडा. शेवटच्या वेळी एकेक किंवा जोडीजोडीने सोडा. थव्यात सोडलं तर एक-दोन हुशार कबुतरं वाट काढतात आणि बाकीची त्यांच्या मागे येतात. वहीत सगळी पास दिसतात. मालेगावला थवा फुटला की मागे येणाऱ्यांचं पितळ उघडं पडतं.

ओझरच्या टॉसबद्दल एक गोष्ट जाता जाता. विमानतळाच्या बाजूला कबुतरं सोडू नका. पुढे पिंपळगावच्या दिशेने दोन-चार किलोमीटर जायला काही पैसे पडत नाहीत.

उशिरा आलं, हातात घेतलं. काय पाहायचं?

पहिला हिशोब वेळेचा. मालेगावहून शांत हवेत चांगलं कबूतर मिनिटाला हजार ते बाराशे मीटरने आलं तर दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. साडेआठला सोडलं तर दहा-सव्वादहाला ते दिसायला हवं. तेच कबूतर साडेअकराला आलं तर व्हेलॉसिटी साडेपाचशे निघते. एवढं सावकाश कबूतर शांत हवेत उडतच नाही. म्हणजे ते हळू आलं नाही. वाट चुकून लांबून आलं, किंवा मध्ये बसलं. चुकलं की बसलं, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अंगावर असतं.

पाय पाहा. नखांत काळी माती असेल तर ते शेतात उतरलं होतं. गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी हलके चाचपा. टपोरा मका लागला आणि तुमच्या दाण्यात मका नव्हता, तर कुठल्या तरी खळ्यावर किंवा पोल्ट्रीच्या शेडजवळ त्याने जेवण उरकलंय. पिशवी रिकामी आणि आल्या आल्या पाण्याकडे धाव, तर ते बसलं नाही, हवेत फिरत राहिलं. हे दुसरं कबूतर मला जास्त आवडतं. त्याच्यात जिद्द आहे, दिशा चुकली एवढंच.

मग छाती. पिसं फुंकर मारून बाजूला करा. कातडीखालचं मांस गुलाबी असेल तर ठीक. निळसर-काळपट आणि कातडी कोरडी, खपल्या निघणारी असेल तर रक्ताभिसरण नीट नाही, किंवा कबूतर पार थकलंय, किंवा आजारी आहे. थकवा असेल तर एक-दोन दिवसांच्या विश्रांतीत रंग परत येतो. नाही आला तर आजार शोधा.

चोच उघडून घसा पाहा: चिकट तारा, पिवळसर चकत्या, फेस. चोचीवरचा मांसल भाग खडूसारखा पांढरा हवा. तो मळकट-करडा आणि एका डोळ्यात पाणी, तर श्वसनाचं दुखणं आहे. पंख उघडा. दहा मोठी पिसं आतून बाहेर मोजा. कुरीज, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येणं, चालू असेल आणि बाहेरची सातवी-आठवी-नववी अर्धवट वाढलेली असतील तर अशा पंखांचं कबूतर मालेगावला न्यायलाच नको होतं. पिसांवर आडवी तुटक रेघ दिसली तर ते पीस वाढत असताना कबूतर उपाशी किंवा आजारी होतं. तीन महिन्यांपूर्वीची हयगयही पिसावर लिहिलेली राहते.

पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्याजवळच्या पातळ पडद्यावर, बारीक सरळ चीर असेल तर तो मांजा. शेपटीची पिसं उपटलेली, पाठीवर ओरखडे असतील तर शिकारी पक्षी.

एकटं पाहू नका, टोळीने पाहा

एका कबुतरावरून निष्कर्ष काढू नका. उशिरा आलेल्यांची नावं-नंबर लिहा आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधा.

सगळीच उशिरा, एकेकटी, वेगवेगळ्या दिशांनी आली, तर थवा फुटला. ससाणा, धुकं किंवा वारा. यात कबुतरांचा दोष नाही. फक्त त्या वर्षीची पिल्लं उशिरा आली आणि जुनी वेळेवर, तर टॉस घाईने वाढवले गेले. एकाच जोडीची पिल्लं दरवेळी मागे पडत असतील तर तिथे रक्ताचा, म्हणजे वंशाचा, विचार करावा, त्याआधी नाही. आणि ढाबळीच्या एकाच कोपऱ्यातली, एकाच रांगेतल्या खणांतली कबुतरं मागे पडत असतील, तर त्या कोपऱ्यातच काही तरी आहे.

हा शेवटचा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. माझ्याकडची एक चेकर, म्हणजे पंखांवर ठिपक्यांची नक्षी असलेली, मादी, ओझर-पिंपळगावला कायम पहिल्या तिनांत, मालेगावहून रात्र बाहेर काढून सकाळी आली. नखांत माती, पिशवीत मका, छाती काळपट. पोटाखालची पिसं सारली तर एक चपटी करडी माशी खेकड्यासारखी तिरपी पळत पंखाखाली शिरली. तिच्या शेजारच्या दोन खणांतली कबुतरंही त्या टॉसला मागेच होती. तिघांच्या घरट्यांची मातीची भांडी उलटी केली. तळाशी विष्ठेच्या भुकटीत काळे, चकचकीत, लांबट गोल दाणे पडलेले होते. पाहणाऱ्याला वाटेल दाण्यातलं काही सांडलंय.

ती माशी

ते दाणे म्हणजे कबुतरमाशीचे कोश. ही माशी अंडी घालत नाही. अळी तिच्या पोटातच वाढते आणि बाहेर पडताच तिचा कोश होतो. कोश घरट्याच्या कचऱ्यात, फळ्यांच्या फटीत पडून राहतात आणि तीन-चार आठवड्यांत त्यातून नवी माशी निघते. उष्ण हवेत हे चक्र जोरात चालतं, म्हणून ऑक्टोबर हीटमध्ये ढाबळीत माशी वाढते आणि बरोबर तेव्हाच आपण टॉस सुरू करतो.

माशीचं रक्त पिणं हा त्रास आहेच, पण मोठा त्रास ती सोडून जाते तो. तिच्यातून हिमोप्रोटियस नावाचा परजीवी कबुतराच्या रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशींत राहतो. आपल्याकडचे लोक त्याला कबुतरांचा मलेरिया म्हणतात. माणसाला तो होत नाही. गंमत अशी की कबूतर ढाबळीत अगदी धडधाकट दिसतं. खातं, घुमतं, चांदवडहून वेळेवर येतं. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी झालेली असते, ती कळते दुसऱ्या तासात. मग ते उतरतं. "साठ किलोमीटर ठीक, शंभरला गळतं" या तक्रारीत मी सगळ्यात आधी माशीच शोधतो, त्याचं कारण हे.

उपाय दोन टोकांनी करायचा. एक, घरटी. भांड्यातलं जुनं गवत-काड्या आणि तळाचा कचरा वीस दिवसांच्या आत काढून जाळायचा, म्हणजे कोशातून माशी निघायला वेळच मिळत नाही. भांडी उन्हात वाळवायची. फळ्यांच्या फटी खरवडायच्या. हे करताना तोंडाला चांगला मास्क लावा. कबुतरांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसांचं दुखणं मागे लागतं आणि ते सहजी जात नाही. दोन, अंगावरची माशी. परमेथ्रिनची पावडर किंवा फवारा चालतो, पण प्रमाण पशुवैद्याला विचारून. पिल्लांच्या घरट्यात अंदाजाने फवारणी नको.

रक्तातल्या परजीवीसाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासता येतो. तपासणीत निघाला तरच औषध. "सीझनच्या आधी सगळ्यांना एक कोर्स" ही पद्धत मला पटत नाही. निरोगी कबुतरांना उगाच औषध पाजलं की पुढे खऱ्या आजाराला ते लागू पडेनासं होतं, आणि आपल्याला वाटतं पुडी नकली होती.

घसा आणि पोट

घशाचा कॅन्कर आणि आतड्यातला कॉक्सिडिया या नेहमीच्या दोन भानगडी. कॅन्करचा जंतू घशातल्या ओलाव्यात जिवंत असेपर्यंतच सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसतो. नमुना वाळला, गार झाला की काही दिसत नाही आणि "निगेटिव्ह" म्हणून आपण निर्धास्त होतो. म्हणून कबूतरच दवाखान्यात न्या, कापसाची काडी डबीत घालून पाठवू नका. कॉक्सिडियासाठी मात्र विष्ठेचा ताजा नमुना पुरतो. एकाचा नको, चार-पाच खणांतला मिळून घ्या. निरोगी विष्ठा घट्ट, लहान, वर पांढरी टोपी. सकाळी जमिनीवर बारीक मऊ पिसं पडलेली दिसली तर समजा तब्येत जागेवर आहे.

मान वाकडी होणं, गोल फिरणं, दाण्याचा नेम चुकणं ही पॅरामिक्सो या विषाणूच्या आजाराची लक्षणं. तिथे टॉस वगैरे सगळं बंद आणि ते कबूतर वेगळं. लस आधी द्यायची असते. आजार शिरल्यावर देऊन उपयोग नाही.

चारी बाजूंनी पत्रा

आता ते वाऱ्याचं आणि सूर्याचं. गच्चीवरच्या ढाबळी मी पाहतो, त्यात मांजराच्या आणि पावसाच्या भीतीने चारही बाजूंनी पत्रा ठोकलेला असतो. वर एक झरोका. आत अंधार. पिल्लं त्यात वाढतात, संध्याकाळी कामावरून मालक आला की तासभर मोकळी सुटतात.

पापी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. वाऱ्यापासून आडोशाला वाढवलेली कबुतरं परक्या ठिकाणाहून घराची दिशा नीट धरू शकली नाहीत. कुठल्या दिशेच्या वाऱ्याबरोबर कोणता वास येतो, ही शिदोरी पिल्लू ढाबळीत बसल्या बसल्या गोळा करतं. त्याला वाराच लागू दिला नाही तर ते ती गोळा कशी करणार? सूर्याचंही तसंच. जर्मनीत झालेल्या प्रयोगांत फक्त दुपारनंतरचा सूर्य पाहिलेली पिल्लं सकाळी सोडली तेव्हा त्यांना सूर्याचा होकायंत्रासारखा उपयोग करता आला नाही. आपण पिल्लांना संध्याकाळी उडवतो आणि टॉस देतो सकाळी साडेआठला.

ओळखीच्या वाटेवर हे झाकून जातं. मालेगावला झाकत नाही.

सगळा पत्रा काढायची गरज नाही. किमान दोन बाजूंना, त्यातली एक ईशान्येची, कमरेच्या वर जाळी लावा. मांजरासाठी अर्धा इंची वेल्डमेश पुरते. पावसाळ्यात प्लॅस्टिकचा पडदा खाली सोडा, उघडीप मिळाली की वर. पिल्लं पंचवीस-अठ्ठावीस दिवसांची होऊन आईबापांपासून वेगळी झाली की त्यांना छपरावरच्या जाळीच्या पिंजऱ्यात दिवसभर बसू द्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं बघू द्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी उडवा. याला फारसा पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. परदेशी रक्ताच्या जोडीवर पन्नास हजार घालणारा माणूस जाळीच्या तुकड्यासाठी काचकूच करतो.

दाणा: उपाशी कबूतर शंभर किलोमीटर येत नाही

छोट्या टॉसला कबुतरं भुकेवर ठेवायची चाल आहे. पोटात काही नसलं की घरी येऊन झटकन ट्रॅपमधून, म्हणजे आत येता येतं पण बाहेर जाता येत नाही अशा दारातून, आत जातात, छपरावर घुटमळत नाहीत. चांदवडपर्यंत ही चाल चालते. लांबच्या उड्डाणाला कबूतर चरबी जाळतं, आणि ती आदल्या संध्याकाळच्या मूठभर दाण्यातून तयार होत नाही.

एका कबुतराला दिवसाला तीसेक ग्रॅम दाणा धरा. एरवी ज्वारी, बाजरी, गहू, थोडा हरभरा किंवा वाटाणा. लांबच्या टॉसच्या दोन-तीन दिवस आधी मका वाढवा, वर थोडे कच्चे शेंगदाणे, सूर्यफूल किंवा करडई. शेंगदाण्याला बुरशी नको. किडका, कुबट वास येणारा एक दाणाही बाजूला काढा. बाजार समितीच्या आवाराबाहेर झाडून गोळा केलेलं मातेरं स्वस्त मिळतं, ते घेऊ नका. परत आल्यावर पहिल्यांदा पाणी. मीठ-साखरेचं किंवा ओआरएसचं हलकं पाणी चालतं. मग हलका दाणा, मग हळूहळू नेहमीचा.

पेटीत भरतानाही पाणी विसरू नका. रात्री पेटी भरून पहाटे निघालेली, गाडीच्या डिकीत कोंबलेली कबुतरं सोडायच्या आधीच अर्धी दमलेली असतात. पोचल्यावर पेटी सावलीत ठेवा, पाणी द्या, आकाश दिसेल अशी वीस-तीस मिनिटं बसू द्या आणि मग सोडा.

हवा

जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्याच थंडीत कादवा-गोदावरीच्या काठाने सकाळी धुकं साचतं. मालेगावला लख्ख ऊन आणि निफाडवर पांढरी चादर, असं सर्रास होतं. म्हणून सोडणाऱ्याने फक्त डोक्यावरचं आकाश पाहून भागत नाही. पिंपळगाव किंवा ओझरच्या ओळखीच्या माणसाला फोन करून तिकडचं धुकं विचारा. नऊ वाजले तरी चालतील, घाई करू नका.

वारा कळायला हरवलेल्या कबुतरांचे फोन उपयोगी पडतात. पंखावर मोबाइल नंबरचा शिक्का मारलेला असला की लोक कळवतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळवतात. "दादा, तुमचं पाखरू आमच्या कांदाचाळीवर बसलंय, पोरांनी बाजरी टाकली, न्यायला येता का?" असा फोन आला की आनंद करायचाच, पण गाव नकाशावर टिंब देऊन ठेवा. फेब्रुवारी-मार्चपासून दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो. नैऋत्येला येणारं कबूतर त्यात पूर्वेला ढकललं जातं आणि फोन मनमाड, येवला, कोपरगावकडून येऊ लागतात. टिंबं सगळी एका बाजूला पडली तर कारण वारा आहे. तेव्हा सोडायची वेळ अलीकडे आणा, म्हणजे दुपारच्या आत कबुतरं घरी येतील. टिंबं सगळीकडे विखुरली असतील तर वाऱ्याला दोष देऊ नका.

संक्रांतीच्या आधी-नंतर आठवडाभर टॉस बंद ठेवा. येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस आकाशात जागा नसते, आणि नाशिकही काही मागे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली, तरीही तो मिळायचा थांबलेला नाही. ढाबळीभोवतीचं रोजचं उड्डाणही त्या दिवसांत भल्या सकाळी उरका.

ससाणा

याच्यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून मी थोडक्यात. ढाबळीजवळ हल्ला करतो तो बहुतेक शिकरा. झाडाआडून येतो, पिल्लं उचलतो. उघड्या माळावर आणि कड्यांजवळ वरून झेप घेतो तो बहिरी ससाणा किंवा आपला इथलाच शाहीन. सातमाळ्याचे कडे म्हणजे त्यांना हक्काची जागा. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पाणपक्षी उतरले की त्यांच्या मागे शिकारी पक्षीही येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे या पक्ष्यांना हात लावता येत नाही, आणि लावूही नये. आपल्या हातात एवढंच: रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून सोडू नका, थकलेलं किंवा अर्धवट पंखाचं कबूतर थव्यात घालू नका, आणि थवा फुटला तर त्या टॉसवरून कुणालाही नापास करू नका.

मग जोड कधी फोडायची?

माशी गेली, घसा-पोट तपासलं, जाळी लागली, उमराण्याचे टॉस झाले, हवा चांगली होती, आणि तरीही एखाद्या जोडीची पिल्लं सतत मागे पडत असतील, तर जोड फोडा. तेही नर आणि मादी दोघांना वेगळा साथीदार देऊन पाहा. दोष कोणाकडून येतो ते पुढच्या पिल्लांत कळेल. अंड्यातून पिल्लू निघायला सतरा-अठरा दिवस, सातव्या दिवसाच्या आसपास पायात रिंग, महिन्याभरात ते स्वतः खायला लागतं, म्हणजे उत्तर फार लांब नाही. रिंग मात्र वेळेत घाला आणि जोडीचा नंबर त्याच दिवशी वहीत लिहा. नंतर आठवणीने लिहिलेल्या वंशावळीवर माझा विश्वास नाही, विकणाऱ्याने प्रिंट काढून दिलेल्या वंशावळीवर तर त्याहून कमी.

पिंजऱ्यात ठेवायला देखणं कबूतर वेगळं आणि लांबच्या टॉसला नेहमी पहिल्या दहांत येणारं साधं कबूतर वेगळं. जोड लावताना दुसरं घ्यावं. मालेगावहून एकदा चुकून, पण त्याच दिवशी उन्हातान्हात फिरून रिकाम्या पोटी घरी पोचलेलं कबूतर मी काढून टाकत नाही. पुढच्या वर्षी धुळ्याला तेच कामाला येतं.

आठवडा-पंधरवड्याने परत आलेल्या कबुतराचं काय करायचं, हेही विचारलं जातं. ते कुठे राहिलं, कोणाच्या दाण्यावर, कोणत्या कबुतरांत, काही कळत नाही. त्याला सरळ थव्यात सोडू नका. दोन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळं पाणी, वेगळं भांडं. विष्ठा आणि घसा तपासून घ्या, पिसांत माशी आहे का पाहा. त्या हंगामात त्याला पुन्हा मालेगावला नेऊ नका. अंगावर मांस भरलं की उमराण्यापासून सुरुवात करा.